भरलेल्या ईमेल-पेटीची कैफियत

मी एक जुनी ईमेलची पेटी आहे. लाकडाची किंवा पत्र्याची समजू नका. मला कडी नाही, कोयंडा नाही, आणि हलवून बघितलंत तर आत काही वाजायचंही नाही. संगणकाच्या पोटात एका कोपऱ्यात मी राहते. जाणकार लोक मला 'प्रोफाइल' म्हणतात. आलेली पत्रं, गेलेली पत्रं, अर्धवट लिहून सोडलेली पत्रं, कोणाचा पत्ता काय, सगळं माझ्याकडे असतं. पत्रं वाचायचा प्रोग्रॅम वेगळा आणि मी वेगळी. तो नुसता दार उघडणारा, घर माझं. एवढं लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढचं सगळं रडगाणं यातूनच आलं आहे.

माझा जन्म शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी झाला. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्या पायाशी कातरणांची पिशवी आणि खिडकीखालच्या टेबलावर आमचा संगणक. बाईंच्या थोरल्या मुलाने तो आणला, त्यात प्रोग्रॅम बसवला, माझी मांडामांड केली आणि तो बोटीवर वायरमनच्या नोकरीला निघून गेला. "आई, फोन लागेल न लागेल. पत्र मात्र नक्की लिहीन," असं सांगून गेला आणि शब्दाला जागला. आईला तेव्हा माउससुद्धा धरता येत नव्हता. कात्री धरावी तसा ती तो धरायची.

थोरल्याचं प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू व्हायचं: 'आई, आधी बस. मग वाच.' कारण ती मशीनवरून अर्धवट उठून, ओठांत टाचण्या धरून, उभ्या उभ्याच वाचायला यायची हे त्याला ठाऊक होतं. "बसले रे बाबा, बसले," असं म्हणत ती टाचण्या काढून ठेवायची आणि मग खुर्ची ओढायची. मापं द्यायला आलेल्या बायका ताटकळत उभ्या असायच्या. "थांबा जरा, माझ्या लेकाचं पत्र आलंय," असं ती ऐटीत सांगायची. काय तो माझा रुबाब होता म्हणून सांगू! त्या घरात गिऱ्हाइकाआधी माझा मान होता.

त्या घराचा एक नियम होता. एक वस्तू, एक जागा. आई म्हणायची, "दोन कात्र्या घरात आल्या की वेळेला एकही सापडत नाही." जास्तीचं काही दिसलं की ती लगेच वाटून टाकायची. आणि आमच्या प्रोग्रॅमची रीतही तशीच लावलेली होती. पत्र एकदा माझ्याकडे उतरलं की टपाल पोचवणाऱ्या कंपनीकडे त्याची प्रत राहत नसे. आईला ते फार पटलं होतं. पसारा नको. थोरल्याचा शब्दन् शब्द जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण म्हणजे मी.

मग एका सकाळी बोटीवरून फोन आला. फोनवर थोरला नव्हता. त्याच्याबद्दल सांगणारं कोणी परकं माणूस होतं.

त्यानंतर नवीन पत्र आलं नाही. आईने मात्र मला सोडलं नाही. रोज दुपारी जेवण झालं की ती मशीनवर कापड झाकायची, माझ्याकडे यायची आणि एक पत्र उघडायची. एकच. सगळी वाचून संपली की पुन्हा पहिल्यापासून. 'आधी बस' असं आलं की आधीच बसलेली असूनही ती पदर सावरून नीट बसायची. मला जमलं असतं तर मी तेव्हाच तिला मिठी मारली असती, पण मिठी मारायला हात लागतात.

धाकटी मुलगी ऑफिसात नोकरी करायची. संगणक म्हातारा झाला, सुरू व्हायलाच त्याला अर्धी दुपार लागायला लागली, तेव्हा तिने ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला. "आई, दादाची पत्रं यात आणून देते, झटक्यात उघडतील," असं म्हणून तिने मला उचलून तिकडे नेलं. लॅपटॉपवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती होती. त्या आवृत्तीने मला आत घेतलं, माझी आतली रचना आपल्या पद्धतीने बदलली आणि माझ्यावर तशी खूणही केली. पत्रं सगळी जागच्या जागी होती. मला वाटलं, चला, नव्या घरी सुखाने नांदू.

पण लॅपटॉप होता ऑफिसचा. धाकटीने नोकरी बदलली आणि तो परत करायची वेळ आली. आईला उलट बरंच वाटलं. "माझी पत्रं माझ्या जुन्या टेबलावर आण. मला तिथेच वाचता येतं," ती म्हणाली. धाकटीने मला पुन्हा गाठोड्यात घातलं. जुन्या संगणकावर तेव्हा मागे राहिलेली माझी आधीची प्रत पडून होती, तिच्यावरच मला ठेवलं. 'आधीची पुसू का?' असं संगणकाने विचारलं. 'हो.' लॅपटॉपवरून तर मला आधीच उचललं होतं, तिथे प्रत ठेवलीच नव्हती. तिला दोष कसा देऊ? एक वस्तू, एक जागा. त्या घरात वाढलेली पोर दुसरं काय करणार?

आणि मग जुन्या प्रोग्रॅमने मला दारातच अडवलं. त्याने पडद्यावर लिहिलं, 'ही पेटी नव्या आवृत्तीत वापरली गेली आहे. इथे उघडणार नाही. नवी पेटी तयार करू?' नवी आवृत्ती त्या म्हाताऱ्या संगणकाला पेलत नव्हती. धाकटी वाचत राहिली. आई तिच्या खांद्याशी उभी होती.

"अगं, दाब ना. एवढं काय वाचतेस? नवीन तर नवीन. आत पत्रं दिसल्याशी मतलब."

धाकटीने दाबलं.

नवी पेटी उघडली. कोरी, धुतल्या तांदळासारखी. त्यात एकही पत्र नव्हतं.

मित्रांनो, मी तिथेच होते हो! त्याच संगणकात, अगदी शेजारच्या कप्प्यात, अखंड, भरलेली. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. पण माझ्या कप्प्याचं नाव म्हणजे आकडे आणि अक्षरांची खिचडी, ते बघून कोणाला काय कळणार? मला नव्या आवृत्तीच्या दुसऱ्या एखाद्या संगणकापाशी नेलं असतं तर मी तिथल्या तिथे उघडले असते. एवढं सांगायलाही मला तोंड नव्हतं. धाकटी शोधत राहिली, घाबरत राहिली, आणि शेवटी टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. "आई, दादाला मी पुसून टाकलं गं."

आईने तिच्या पाठीवर हात फिरवला. "दाब असं मीच म्हटलं ना? उगी. मला तर पाठ आहेत सगळी."

पाठ होती, खरंच होती. पण पाठांतर झिजतं. एका दुपारी मायलेकी बसल्या होत्या आणि कोटाच्या बटणाचा विषय निघाला. थोरल्याच्या कोटाला तो जाताना आईने बटण लावून दिलं होतं आणि त्याने त्याबद्दल लिहिलं होतं.

"तो कोट त्याने टाकून दिला होता," धाकटी म्हणाली.

"छे! टाकतोय कसला? फाटला होता म्हणाला."

"टाकलाच, आई. मला आठवतंय."

"तू काय मला शिकवतेस? थांब, उघडूनच बघते," असं म्हणत आई तरातरा उठली. टेबलापर्यंत आली, खुर्चीला हात लावला आणि तशीच उभी राहिली.

धाकटी हळूच म्हणाली, "तू म्हणतेस तेच असेल, आई. फाटला असेल."

त्या दिवशी माझं काळीज फाटलं. त्या दोघी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता धाकटी प्रत्येक वेळी 'तू म्हणतेस तेच' म्हणते, आणि आईला ते कळतं.

मग आईने त्या टेबलाकडे बघणंच सोडलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने वायर गुंडाळताना विचारलं, "मावशी, आत काही ठेवायचंय का? मी सगळं पुसून दुसऱ्याला देणार आहे."

"नाही हो," आई म्हणाली. "रिकामाच आहे तो."

आता मी त्याच्या दुकानातल्या फळीवर आहे. माझ्याआधीचे दोन संगणक पुसून झाले, आता पाळी माझी. मला पुसलं जाण्याची भीती नाही, पण तिला वाटतं की मी आधीच गेले, आणि म्हणून ती मला शोधायला येणार नाही. हे मात्र मला सोसत नाही. मित्रांनो, एवढी एक विनवणी ऐका. जपायचं असेल ते एकाच ठिकाणी ठेवू नका. नव्याकडे जाताना जुनं लगेच पुसू नका. आणि काही रिकामं दिसलं, तर रिकामं म्हणण्याआधी शेजारच्या कप्प्यात एकदा डोकावा. तिथे कोणीतरी भरलेलं, मुकं, तुमची वाट बघत असेल.

त्या कोटाचं पत्र माझ्याकडे आहे. दोघीही खऱ्या होत्या. ज्यांना वाचून दाखवायला हवं त्यांना दाखवता येत नाही, म्हणून तुम्हाला दाखवते:

'आई, आधी बस. मग वाच. तो कोट फाटला, म्हणून टाकून दिला. तू लावलेलं बटण मात्र काढून घेतलं आणि माझ्या हाताने नव्या कोटाला लावलं. धाग्याचा रंग जुळला नाही. घरी आलो की तू नीट लावून दे.'