लसणाच्या बरणीतली पिल्लं

मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोट मोठं, गळा आखूड आणि तोंडाच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला. इराणमधल्या यज्द शहरात टूबा-खानमच्या अंगणाकडे उघडणाऱ्या खिडकीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आज माझ्या पोटात मासे आहेत, पण उमेदीची वर्षं मी लसणात काढली.

भट्टीवरच्या कारागिराने लांब नळीतून फुंकर घातली आणि मी फुगले. माणसाच्या एका श्वासाने मला आकार आला, हे मी कधी विसरले नाही. टूबा-खानमने लग्नाच्या वर्षी मला बोटाने वाजवून निवडलं, लसणाचे गड्डे भरले, वरून शिरका, म्हणजे आंबट व्हिनेगर, ओतला आणि तळघरात ठेवलं. वर्षं जात तसा लसूण काळा आणि मधासारखा गोड होई. पाहुणे बोटं चाटत. "टूबा-खानम, तुमच्या हाताला काय चव आहे!" असं कोणी म्हटलं की ती म्हणे, "हाताला कसली? बरणी गुणाची आहे." मी अंधारातच फुलून जाई.

मग एका उन्हाळ्यात माझ्या तोंडाचा टवका उडाला. झाकण नीट बसेना, शिरका उडून जायला लागला. माझी रवानगी जिन्याखाली झाली. कोळ्याने माझ्यात घर केलं आणि मला वाटलं, आता आपलं संपलं.

पण देवाघरी टाकाऊ असं काही नसतं. मला तिथून बाहेर काढलं महलकाने. महलका म्हणजे टूबा-खानमची नात. आई कामावर असते, म्हणून शाळा सुटली की ती आजीकडे येते आणि आजीला 'अजीज' म्हणते. मामाने तिला गप्पी माशांची जोडी दिली होती. नराची शेपूट मशिदीच्या घुमटासारखी निळी, मादी बिचारी राखाडी. महलकाने मला राखेने घासलं, उन्हात ठेवलं, पुन्हा घासलं. नळाचं पाणी भरून त्यातला औषधाचा उग्रपणा जाईपर्यंत तसंच उघडं ठेवलं.

"माझ्या बरणीत मासे?" अजीज कमरेवर हात ठेवून म्हणाली. "उद्या माझ्या नमाजाच्या चटईवर कोंबड्या पाळशील!"

"तू टाकलीच होतीस ना ती?"

"टाकली नव्हती. ठेवली होती."

"जिन्याखाली?"

"म्हाताऱ्या वस्तू तिथेच ठेवतात. मलाही ठेवाल एक दिवस."

महलका हसत सुटली आणि माझी जागा पक्की झाली.

नवरोजला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, दस्तरखानावर, म्हणजे अंथरलेल्या कापडावर, अंकुरलेले गहू, सफरचंद आणि आरसा मांडतात. त्यांच्या शेजारी जिवंत मासा ठेवायची आमच्याकडची रीत. दरवर्षी बाजारातून लाल मासा येई आणि सण सरायच्या आत पोट वर करून तरंगे. मग महलका रडे आणि अजीज तोंड फिरवी. या वर्षी महलका म्हणाली, "बाजारचा मासा नको. आपल्या घरात जन्मलेली पिल्लं ठेवू."

"आणि तीही मेली तर?"

"नाही मरणार."

"ऐक, महलका जान. साल बदलण्याच्या घटकेला तुझी पिल्लं जिवंत असली तर ठीक. नाहीतर या घरात पुन्हा मासा नाही. मला दरवर्षी हे मरण बघवत नाही. बरणी परत माझी, लसणाची."

महलकाने मान डोलावली. माझ्या काचेला कापरं भरलं.

गप्पी मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. मादीचं पोट फुगलं, शेपटीजवळचा काळा डाग गडद झाला आणि एका सकाळी पापणीच्या केसाएवढी पिल्लं सुटली. भुकेली आई स्वतःचीच पिल्लं खाते, म्हणून महलकाने मोठे मासे अलगद एका वाडग्यात हलवले. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीने चुरून घातला. माझ्या पाण्यात शेवाळ माजलं होतं. पिल्लं त्यात लपत, तेच खात. मी त्यांचं अंगण झाले होते.

महिन्यातून एकदा आमच्याकडे बायकांची मजलीस, म्हणजे धार्मिक बैठक, भरते. कथेकरी फखरी-खानम करबलाच्या रणात शहीद झालेल्या इमाम हुसेनची कथा गाऊन सांगतात. त्या दिवशी त्यांनी हुसेनच्या तहानेने व्याकुळलेल्या तान्ह्या बाळाचा प्रसंग असा लावला की चहाचे पेले तसेच गार झाले. अजीज पदरात तोंड लपवून रडली. खरं सांगते, त्या स्वरात भिजल्यावर काचसुद्धा मऊ होते.

दुसऱ्या दिवशी नवरोजची झाडलोट निघाली. आमच्याकडे या दिवसांत घर मुळापासून हलवून काढतात, गालिचे, पडदे, भिंती, काही म्हणता काही सोडत नाहीत. महलका शाळेत होती. अजीजने मला उचलून बघितलं. मासे तर वाडग्यात, मग हे हिरवं पाणी कशाला? वाळवंटातलं शहर आमचं, पाणी मोरीत ओतायचं पाप इथे कोणी करत नाही. अंगणातला हौद उद्या उपसायचाच होता, त्याचं पाणी डाळिंबाला जायचं होतं. तिने मला तिथे रिकामं केलं, लख्ख धुतलं आणि हौदाच्या काठावर पालथं घातलं.

मी ओरडले. पण बरणीचं ओरडणं कोण ऐकतो?

महलका आली. मला पालथी बघून तिचं दप्तर खांद्यावरून गळून पडलं.

"अजीज! माझी पिल्लं!"

"कसली पिल्लं? शेवाळ होतं ते. मासे वाडग्यात आहेत, बघूनच ओतलं मी."

"वाडग्यात आईबाप आहेत! पिल्लं हिच्यात होती!"

अजीजने हौदाकडे बोट केलं. महलका हौदावर वाकून किती वेळ शोधत राहिली. त्या गार, मोठ्या पाण्यात काय दिसणार? शेवटी ती आत जाऊन गालिच्यांच्या गठ्ठ्यावर पालथी पडली.

अजान झाली. अजीज वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड धुवायला, हौदावर आली. बाही सारली, ओंजळ भरली, तोंडापर्यंत नेली आणि तशीच थांबली. तळहातावरच्या पाण्यात दोन काळे ठिपके होते. ठिपक्यांमागे एक इवलीशी शेपूट वळवळत होती.

"या हुसेन," ती पुटपुटली. "काल तान्ह्यासाठी रडले आणि आज माझ्याच हाताने..." मग एकदम ओरडली, "महलका! चहाची गाळणी आण! पळ! माझा हात हलता कामा नये!"

शेजारच्या कौकब-खानम दारातून म्हणाल्या, "अहो, नमाजाची वेळ चाललीय!"

"खुदाला धीर आहे, कौकब. याला नाही."

उन्हाच्या कोपऱ्यात जिथे पाणी कोमट होतं, तिथे पिल्लं गोळा झाली होती. देव तारी त्याला कोण मारी! आजी-नात गाळणीने त्यांना वेचू लागल्या. वाडग्यातलंच मुरलेलं पाणी माझ्यात ओतलं आणि मला समोवारच्या, म्हणजे चहाच्या बंबाच्या, उबेला ठेवलं. सगळी मिळाली नाहीत. दिवे लागले तरी महलकाची नजर हौदावरच होती.

अजीजने हौद उपसणाऱ्या माणसाला येऊ नको म्हणून निरोप धाडला. यज्दमधल्या गृहिणीने नवरोजला हौद हिरवा ठेवायचा म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच.

"टूबा-खानम, पाहुणे काय म्हणतील?" कौकब-खानम हसल्या. "अंगणात पालक पेरलाय?"

"म्हणू देत. आत कोणाची तरी लेकरं आहेत."

आणि खरंच, पुढच्या दिवसांत गाळणीत आणखी काही पिल्लं आली.

साल बदलण्याची घटका आली. दस्तरखानावर आरशासमोर मी होते, टवक्यासकट. अजीज कुराण वाचत होती, पण नजर दर ओळीला माझ्याकडे. बाहेर नवं साल लागल्याच्या तोफेचा आवाज झाला. महलकाने श्वास रोखला. माझ्या पाण्यातून चांदीच्या धाग्याच्या टाक्यांसारखी पिल्लं सरसर वर आली.

"जिंकलीस गं," अजीज म्हणाली आणि तिला कुशीत घेऊन दोन्ही गालांचे मुके घेतले.

भेटीला आलेल्या कौकब-खानमनी माझ्यावर नाक टेकवलं. "मला तर शेवाळच दिसतंय."

"घाई नको. डोळे ठरू द्या."

त्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगंबाई! आम्हाला द्याल का जोडी?"

"देईन. पण साबणाचे हात पाण्यात घातलेत तर परत आणीन!"

आता त्या पिल्लांच्या शेपट्यांना निळा रंग चढू लागला आहे. मित्रांनो, जीव लहान असला तरी त्याची भूक, भीती आणि आशा पुरती असते. घरात कोणाला पाळलंत तर त्याला निवांत पाणी द्या, वेळेवर घास द्या. आणि काहीही ओतून टाकण्याआधी ते उजेडात धरून बघा. आमची अजीज तेच करते. माझं पाणी बदलायला ती येते तेव्हा आधी बिस्मिल्ला म्हणते, मग चष्मा लावते आणि मगच मला हात लावते.