कामावर गेलेला मकबूल

मित्रांनो, मी तेर गावातला एक जुना खड्डामाग आहे. माझा निम्मा देह जमिनीवर आणि निम्मा जमिनीखाली आहे, म्हणून मला कुणी अर्धवट समजू नये. खड्ड्यात विणकराचे पाय असतात, पायांखाली माझ्या पावड्या असतात. वर त्याचे हात असतात आणि हातात धोटा. पाय पावडी दाबतात, हात धोटा फेकतात, आणि मधल्यामधे कापड होतं. बघणाऱ्याला मात्र वाटतं, माणूस नुसता बसलाय. या एका समजुतीपायी माझं सरपण व्हायची वेळ आली होती.

मला बाबामियाँ मोमीन यांनी घडवून घेतलं. खांब बाभळीचे, विणलेला दोरा ठोकून बसवणारा फणीचा हात्या चिंचेचा. ‘तीन पिढ्या हलणार नाही,’ असं सुतार म्हणाला. सुतार हे सगळ्याच वस्तूंबद्दल म्हणतात. पण बाबामियाँच्या हातात जादू होती. त्यांचं लुगडं बाजारात उलगडलं, की बाया आधी पोत बघायच्या, मग काठ बघायच्या आणि शेवटी ‘महाग हाय’ म्हणायच्या. तेरमध्ये याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं करत नाही.

बाबामियाँ गेले आणि माझे वाईट दिवस आले. त्यांचा मुलगा मकबूल याला तेव्हा नोकरीचं वेड होतं. निजामाचं राज्य. कचेरीत पंखा ओढणारासुद्धा घरून निघताना असा निघायचा, की जणू तो नाही पोचला तर राज्य बंद पडेल. मकबूल शिपाईगिरीसाठी उंबरे झिजवत राहिला. माझ्या खड्ड्यात कांदे साठले. हात्यावर कोंबडी बसू लागली, आणि ती निदान नियमित अंडी द्यायची, म्हणजे त्या घरात कामाला जाणारी तेवढी एकच होती.

मग मकबूलचं लग्न झालं. शरिफाबी घरात आली. ती विणकराची लेक. तिनं कोंबडी उठवली, कांदे काढले, मला पुसलं, तेल दिलं आणि नवऱ्याला म्हणाली, “घरात एवढी दौलत पुरून ठेवलीय आन् तुमी कुठं हुडकत फिरता?” मकबूल खड्ड्यात उतरला. बापाचा हात त्याच्या हातात होताच. मी पुन्हा बोलू लागलो.

पण घरी काम करणाऱ्या माणसाचं दुःख तुम्हांला ठाऊक नसेल. गावाच्या मते तो रिकामा असतो. शेजारच्या कस्तुराबाई नातवाला आणून खड्ड्याच्या काठावर ठेवायच्या. “बसूनच तर हायस दादा, जरा बघ. म्या नदीवरून आलेच.” गल्लीतला कोंडीराम बैलांना पाणी पाजायला निघाला, की वाटेत थांबून भावकीचं भांडण मकबूलला सांगायचा आणि निकाल मागायचा. बैल तहानलेले बाहेर उभे. खुद्द शरिफाबीही कमी नव्हती. “ऐकलं का, दूध बघा, उतू जाईल.” मकबूल दूध बघायला जायचा तोवर नातू धोटा चोखत बसलेला असायचा. दूध उतू जायचं ते जायचंच.

अशात लढाई सुरू झाली. ती फार दूर चालली होती म्हणे, पण सूत मात्र इथं तेरमध्ये मिळेनासं झालं. गल्लीतले माग एकेक करून उखडले आणि विणकर सोलापूरच्या गिरण्यांकडे निघाले. शरिफाबीचा भाऊ मुनवर तिथं आधीच चिकटला होता. तो एकदा आला, माझ्याकडे बघून हसला आणि मेहुण्याला म्हणाला, “भाईजान, गिरणीत कसं असतं, भोंगा वाजला की काम, भोंगा वाजला की घर. इथं तुमचं ना काम, ना घर. चला माझ्यासंगं. हे लाकूड चुलीत घाला.”

ते लाकूड म्हणजे मी. मी सगळं ऐकत होतो. जमिनीत पुरलेल्याला उठून जाता येत नाही, हा माझ्या जातीचा मोठा दोष आहे.

मकबूलचं मन निम्मं वळलं होतं. तेवढ्यात धाराशिवचे कापडव्यापारी शरणबसप्पा आले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि वरपक्षाच्या मानकऱ्यांच्या आणि स्वतःच्या डोक्याला बांधायला लाल काठाचे पटके हवे होते. सूत ते स्वतः देणार होते, मोजून, कारण जास्त मिळणारच नव्हतं. अप्पा म्हणाले, “मकबूलमियाँ, लग्नाच्या आदल्या दिवशी माल माझ्या ओसरीवर पायजे. वेळेवर आला, तर दुकानाचं सूत कायम तुमच्याकडंच. न्हाय आला, तर तुमी सोलापूरला जायला मोकळे आन् म्या दुसरा माग बघायला.”

मुनवर म्हणाला, “ठीक. लग्नसराई सरली, की म्या गाडी घेऊन येतो. तवा ठरवू.”

शरिफाबीनं भावाच्या बोलण्यातला भोंगा तेवढा उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटीतून मकबूलची लग्नातली शेरवानी आणि रुमी टोपी काढली. “घाला.”

“कुणाचं लगीन हाय?”

“कामावर जायचंय तुमाला.”

आमच्या घराला दोन दारं. पुढचं बाजाराच्या वाटेवर, मागचं बोळात. मी मागच्या खोलीत. मकबूल शेरवानी घालून, भाकरीचं फडकं हातात घेऊन पुढच्या दारानं निघाला. वेशीपर्यंत गेला, मशिदीला वळसा घातला, बोळातून मागच्या दारानं आत आला. शेरवानी खुंटीला टांगली आणि खड्ड्यात उतरला. मधलं दार शरिफाबीनं ओढून घेतलं.

थोड्या वेळानं कस्तुराबाई नातवाला घेऊन आल्या. मी दाराआडून शब्द न् शब्द ऐकला.

“शरिफा, मकबूल हाय का गं?”

“न्हाय मावशी. कामावर गेल्यात.”

आत मी खटाक-खट, खटाक-खट चाललो होतो. कस्तुराबाईंनी कान दिला.

“मग ह्यो आवाज कशाचा?”

“कामाचा.”

कस्तुराबाईंनी विचार केला. सकाळी शेरवानी त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. कामावर गेलेल्या माणसाला बोलावणं म्हणजे कचेरीत शिरण्यासारखं. त्या म्हणाल्या, “कवा येनार?”

“दिवेलागणीला.”

“बरं, तवा येते.” आणि खरोखर दिवेलागणीला आल्या. मकबूल नुकताच पुन्हा गावाला वळसा घालून पुढच्या दारानं आत आला होता. त्या कळवळून म्हणाल्या, “दमला असशील रं दादा, लांबून आलास.”

मित्रांनो, गावानं हे मान्य करून टाकलं. कोंडीरामनं आपलं भांडण संध्याकाळवर ढकललं, आणि संध्याकाळपर्यंत ते बहुधा मिटलेलं असायचं. दूध शरिफाबीच बघू लागली आणि ते उतू जायचं थांबलं. संध्याकाळी मकबूल अंगणात बसून आपल्या लेकीला, जैनबला, मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचा. पटके भराभर उतरू लागले. मला वाटलं, आता माझी म्हातारपणाची सोय झाली.

पण माणसाच्या अंगी शिस्त बाणली, की तिचंही व्यसन लागतं. काम चांगलं चाललंय म्हटल्यावर मकबूलला संध्याकाळचा वळसा फुकट वाटू लागला. ‘तेवढ्यात वीतभर कापड निघंल.’ मग सकाळचाही वळसा गेला. शेरवानी खुंटीवरच राहिली. भाकरी खड्ड्याच्या काठावर येऊ लागली. झोपही माझ्याशेजारीच, घोंगड्यावर. डोळे लाल, दाढी वाढलेली. अप्पांचं सूत, अप्पांचा वायदा, सोलापूरची गाडी, एवढंच त्याच्या डोक्यात. शरिफाबी दोनदा म्हणाली, “आता घरी या.” तो म्हणाला, “घरीच तर हाय.”

आणि लग्न तोंडावर आलं असताना ती चूक झाली. पटके एकाच लांब ताण्यावर, म्हणजे उभ्या दोऱ्यांवर, एकामागून एक विणतात. एक संपला, की शेवटी लाल पट्टा घालायचा आणि पुढं वीतभर ताणा न विणता मोकळा सोडायचा. तिथं कापतात आणि त्याच मोकळ्या दोऱ्यांचे गोंडे वळतात. मकबूल एका पटक्याच्या शेवटाला आला आणि थांबलाच नाही. ना पट्टा, ना मोकळी जागा. सरळ पुढं विणत गेला. मी पावडी करकरवली, पण मी नेहमीच करकरतो, त्यामुळे माझं कुणी मनावर घेत नाही. दिवेलागणीला शरिफाबी भाकरी घेऊन आली, गुंडाळलेलं कापड हातानं चाचपलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

“जैनबचे अब्बा, ह्याला शेवट कुठाय?”

दोन पटक्यांचा एकच लांबलचक पटका झाला होता. कापावा, तर दोन्ही तुकडे लांडे, गोंड्याविना. असला पटका मानकऱ्याच्या डोक्याला बांधणं म्हणजे भर मांडवात त्याची चेष्टा. नवा विणावा, तर सूत नाही. मकबूल म्हणाला, “उसवतो. दिवा लाव. उसवून पुन्हा विणतो.”

“डोळे बघा तुमचे कसे लाल झाल्यात. आणखी एक बिघडंल.”

“मग सोलापूरला जायचं? बापाचा माग जाळायचा?”

तेवढ्यात मधल्या दारातून जैनब आली. नुकती कुठं धड बोलायला लागलेली पोर. खड्ड्याच्या काठाशी उभी राहून तिनं त्या दाढीवाल्या माणसाकडे अदबीनं बघितलं आणि विचारलं, “चाचा, आमचे अब्बा कामावरून कवा येनार?”

तिची काय चूक? किती दिवस तिला सांगितलं जात होतं, अब्बा कामावर गेलेत. पण वळसा बंद झाल्यापासून गेलेला माणूस पुढच्या दारानं परत आलेला तिनं बघितला नव्हता. हा मागावरचा कुणीतरी दुसरा होता, भला असेल, पण दुसरा.

मकबूलनं धोटा खाली ठेवला. खड्ड्यातून वर आला. पाय इतके अवघडले होते, की माझ्या खांबाला धरून उभा राहिला. शेरवानी घातली, टोपी घातली आणि मागच्या दारानं निघून गेला. थोड्या वेळानं पुढच्या दाराची कडी वाजली.

“जैनब, बेटा, आलो!”

पोर अशी किंचाळत धावली, की कस्तुराबाई भिंतीवरून डोकावल्या. “आला का गं मकबूल?” “आले मावशी, आले!” शरिफाबी म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. त्या संध्याकाळी मला कुणी हात लावला नाही. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

मकबूल झोपला तो उन्हं वर आल्यावर उठला. वेशीचा वळसा घालून कामावर आला, आणि राहिलेले पटके शांतपणे, जिथल्या तिथं थांबत विणले. लांब पटका त्यानं उसवला नाही. तो तसाच घडी करून सगळ्यांत वर ठेवला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी धाराशिवला गेला. पुढचं त्यानं घरी येऊन सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

अप्पांनी पहिलीच घडी उलगडली. ओसरी संपली, तरी पटका संपेना.

“मकबूलमियाँ, हे काय?”

“चूक हाय, अप्पा. थांबायचं तिथं थांबलो न्हाय. एक पटका कमी हाय आन् हा एक असा. बाकी माल बघून घ्या. तुमी म्हनाल ते कबूल.”

अप्पांनी बाकीचे पटके एकेक करून बघितले. काठ, पट्टे, गोंडे. मग पुन्हा त्या लांबड्याकडे बघत बसले. त्यांच्या व्याह्यांना एक चुलते होते. हे गृहस्थ आजवर एकाही लग्नात रुसल्याशिवाय जेवले नव्हते. त्यांना दोन पटके बांधावेत, तर बाकीचे मानकरी रुसणार, आणि एक बांधावा, तर हे. अप्पांच्या घरात या प्रश्नापायी चार दिवस कुणाला झोप नव्हती.

“हा मोजायला किती?” अप्पांनी विचारलं.

“एकच.”

“आन् मानाला?”

मकबूल गोंधळला. “दोन होतील, अप्पा.”

“मग हेच तर हुडकत होतो म्या!” अप्पा उठून उभे राहिले. “आन् जो एक कमी, तो माझा. पोरीच्या बापाच्या डोक्याकडं लग्नात कोन बघतंय?”

चुलत्यांना पटका बांधायला इतका वेळ लागला, की रुसायची वेळ टळून गेली. शिवाय त्या ओझ्यानं त्यांना मान आडवी हलवता येईना, त्यामुळे जे वाढलं ते ‘नको’ न म्हणता जेवले. लग्न पार पडलं. दुकानाचं सूत त्याच आठवड्यात आमच्या घरी आलं, आणि त्यासोबत दुसऱ्या एका वधूपित्याचा निरोप: आमच्याकडंही एक चुलते आहेत.

मुनवर गाडी घेऊन आला, पोटभर जेवला, भाचीला खांद्यावर घेऊन बाजार फिरला आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. जाताना माझ्या खांबावर थाप मारून गेला. गिरणीच्या माणसाकडून हे पुष्कळ झालं.

तर मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. पावडीची दोरी वरचेवर तुटते, हात्या कुरकुरतो. तरी रोज दिवेलागणीला मकबूल माझ्यावर धडुतं पांघरतो आणि शुक्रवारी दिवसभर मला हात लावत नाही. तुमच्याही घरात असं एखादं कामाचं लाकूड असेल. त्याला तेल द्या, धूळ पुसा, त्याच्यावर बसलेल्या माणसाला रिकामा समजू नका. आणि कधी ते बंद दिसलं, तर निकामी झालं म्हणून त्याच्यावर गोधड्या वाळत घालू नका. ते मोडलेलं नसतं. त्याचा माणूस घरी गेलेला असतो.