पोटाखालचा अंगठा

मित्रांनो, मला चोच आहे, पण मी कधी दाणा टिपलेला नाही. मी एक जुना लाकडी चिखल्या पक्षी आहे. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर शिकारी माझ्यासारखे पक्षी काठीवर बसवून ओल्या वाळूत रोवत. वरून जाणाऱ्या खऱ्या चिखल्यांना वाटे, खाली आपलेच भाऊबंद चरत आहेत. ते उतरत आणि मारले जात. माझे काम विश्वासघाताचे होते. त्याचा मला अभिमान नाही.

मला त्यार्क यान्सन नावाच्या शिकाऱ्याने फुटक्या होडीच्या फळीतून कोरले, अंगभर रंगवले आणि पाठीवर पिवळे ठिपके दिले. रंग ओला असतानाच त्याने मला उचलले, आणि पोटाखाली त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा उमटला. त्या अंगठ्यावर चाकूच्या जखमेचा तिरपा व्रण होता. पुढे त्यार्क समुद्रात बुडाला. मी माशांना धुरी देण्याच्या एका खोपटात टांगला गेलो आणि काजळीने काळा झालो.

१९५८ साली त्याच्या मुलाने, हाब्बो यान्सन यांनी, मला तिथून आणले. ते ब्राउनश्वाइग शहरातले निवृत्त नकाशाकार. असे पक्षी जमवण्याचा त्यांना छंद होता. फळ्यांवर चाळीस पक्षी होते आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी: गाव, लाकूड, कोरणारा. माझ्या चिठ्ठीवर तिसरी जागा कोरी होती. युद्धात त्यांचे घर जळाले होते. वडिलांच्या हातची एकही वस्तू उरली नव्हती. "बाबा पक्षी ओल्या रंगातच उचलत. त्यांच्या अंगठ्याचा व्रण दिसला, तर तू बाबांचाच," ते मला उलटा धरून पुटपुटत. पण काजळीला हात लावत नसत. तीन वर्षे विनंत्या केल्यावर, १९६१ च्या ऑक्टोबरात, संग्रहालयातला एक जाणकार शनिवारी येऊन ती पुसणार होता. ही आशा त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती.

त्यांच्याकडे पुण्याची लतिका भाड्याने राहत असे. ती रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होती. त्याच आठवड्यात खंडेनवमी आली, कामाची हत्यारे स्वच्छ करून पुजण्याचा दिवस. शिकारीचा पक्षी म्हणजेही हत्यारच, असे तिला वाटले. यान्सन बाहेर गेले होते. परत आल्यावर त्यांना आनंद व्हावा, म्हणून तिने फळीवरचा सर्वांत मळका पक्षी निवडला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला. तिच्याबरोबर शिकणारा श्रीरंग दारात उभा होता.

"अगं, लॅबमध्ये थेंब मोजतेस आणि इथे मूठभर सोडा?"

"हे घरकाम आहे रे, प्रयोग नाही. झेंडू आणलास का?"

"इथे कुठला झेंडू! शेवंती मिळाली. इथे ती कबरीवर वाहतात, म्हणून फुलवालीने 'कबर कोणाची?' असं विचारून दिली."

लतिका हसली आणि ब्रश फिरवू लागली. काजळी उतरली. क्षणभर अंगठा दिसला, तिरप्या व्रणासकट. "हे काय?" म्हणून ती वाकली, पण हात थांबेपर्यंत ब्रश त्यावरून गेला होता. जवसाच्या तेलातला रंग सोड्याने सुटतो, हे तिला पाठ होते. आठवले तेव्हा पाणी पिवळे झाले होते.

संध्याकाळी यान्सन यांनी मला उलटे केले. पोटाखाली नुसते लाकूड होते. ते खाली बसले आणि पहिल्यांदाच तिला सारे सांगितले.

लतिकाचा चेहरा उतरला. "मला दिसला होता, यान्सनसाहेब. अंगठा. त्यावर तिरपी रेघ होती."

"नक्की?"

"नक्की. पण आता दाखवता येणार नाही."

त्यांनी आपला अंगठा त्या जागी ठेवला. बराच वेळ काढला नाही. मग पेन्सिल तिच्यापुढे केली. "तुम्ही लिहा, फ्रॉयलाइन. मी पाहिलेला नाही."

तिने चिठ्ठीच्या मागे लिहिले: 'अंगठ्याचा ठसा, तिरपा व्रण. मी पाहिला. मीच पुसला.' खाली सही केली. पुढच्या बाजूची कोरणाऱ्याची जागा त्यांनी कोरीच ठेवली. न पाहिलेली किनाररेषा त्यांनी नकाशावर कधी काढली नव्हती.

चार वर्षांनी ते गेले. पक्षी एका दुकानात आले. रंगीत पक्षी लोकांनी नेले. मी खोक्याच्या तळाशी राहिलो.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा मळ काढण्याआधी तिच्या माणसाला विचारा, त्याखाली तो काय शोधतो आहे. अशी घाई प्रेमाची असली, तरी गेलेले परत येत नाही.

कधी कोणी मला उचलते, चिठ्ठी वाचते आणि विचारते, "मग कोरला कोणी?" मला माहीत आहे. पण लाकडाची चोच उघडत नाही.