मागची हाक

"होलगे होलगे," बलभीमने हाक दिली आणि खांद्यावरच्या मडक्यातली आंबील ज्वारीवर शिंपडली.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, रानाला फेरी घालताना पुढचा शिंपडत हाक देतो आणि मागून चालणारा 'सालम पोलगे' म्हणून उत्तर देतो. मागचा म्हणजे बायको, भाऊ, निदान शेजारी तरी. वडील गेल्यापासून बलभीमच्या मागे कुणीच नव्हतं. त्यामुळे कडब्याच्या कोपीत बसलेली त्याची आई म्हाळसाबाईच बारीक आवाजात उत्तर द्यायची. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, तोंडाने नाही.

आज कोपीबाहेर एक पाहुणा होता. नळदुर्गच्या ढाब्यावर तंदूर सांभाळणारा, कानडी मुलखातला शंकरप्पा. हा ओळखीचा आहे, याला रान नाही, म्हणून जेवायला आणलं, असं बलभीमने आईला सांगितलं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता आणि तरी सगळं खोटं होतं.

माकणी गावात बलभीमला ओळखत नाही असा विहीरवाला नसेल. बिघडलेली मोटार काढायला तो बुडी मारायचा आणि वरची माणसं काळजीत पडेपर्यंत खालीच राहायचा. याचा दम मोठा, असं लोक कौतुकाने म्हणत. पण तो दम धरतच नव्हता. खोल पाण्यात गेला की त्याच्या अंगावर हिरवट खवले यायचे, पाठीतून पंख फुटायचे. धरणाच्या पाण्यात तो मनसोक्त लांब व्हायचा. पोरं मोबाइलवर अशा जनावराला ड्रॅगन म्हणतात. बलभीमकडे त्याला शब्दच नव्हता. चाळिशी उलटेपर्यंत त्याला वाटत होतं, जगात असा आपण एकटेच आहोत.

मग ढाब्याच्या विहिरीतली मोटार जळाली. ती काढायला गेला तेव्हा तंदूरवरचा माणूस सारखा बडबडत होता आणि बडबडता बडबडता तळाशी पडलेली रोटी त्याने नुसत्या हाताने उचलली. धगधगत्या निखाऱ्यांतून. हातावरचा केसही जळला नाही. बलभीम बघतच राहिला. शंकरप्पाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची बडबड थांबली. ढाब्यावरचे लोक म्हणतात, ती त्या दिवशी पहिल्यांदाच थांबली.

एक आग, एक पाणी. एक खांबाशीही गप्पा मारणारा, दुसरा मजुरीचा आकडासुद्धा बोटाने दाखवणारा. दोघांचं जमायचं काही कारण नव्हतं. पण हिवाळ्यातल्या एका पहाटे धरणावर शंकरप्पाने तांबडे पंख उघडले, बलभीम पाण्यातून वर उठला आणि दोघांच्या मधे वाफेचा ढग झाला. त्या ढगात बलभीम ढसाढसा रडला. इतका आनंद माणसाला झेपतो हे त्याला माहीत नव्हतं. आपलं या माणसावर प्रेम आहे, हे त्याला तेव्हाच कळलं. सांगायला मात्र तोंड उघडेना.

आज जेवण झाल्यावर विहिरीपाशी शंकरप्पाने विषय काढलाच. मालक हुमनाबादला नवा ढाबा टाकतोय, तिकडे बोलावलंय.

"म्या कोण हाय ते आज तुज्या अव्वाला सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "न्हायतर उद्या म्या जातो. चोरून किती दिस यायचं, बलभीमा?"

बलभीम विहिरीत बघत राहिला. गप्प राहायची सवय वाईट. ती नको तिथेही साथ सोडत नाही.

दिवस मावळला. कडब्याची पेंडी पेटवून रानाभोवती फिरवायची, त्याला हेंडगा म्हणतात. वाऱ्यात काडी टिकेना. म्हाळसाबाई कोपीतून म्हणाली, पाहुणे रोज आगीपाशीच असतात, त्यांनाच बघू द्या. शंकरप्पाला कोण उमाळा आला. या घरातलं एक तरी काम आपल्या हातून व्हावं! त्याने पेंडी तोंडाशी धरली आणि विझलेला तंदूर पेटवताना घालायचा तशी सवयीने फुंकर घातली.

भडका उडाला. वाऱ्याने तो थेट कोपीवर नेला. वाळला कडबा, आत म्हातारी.

शंकरप्पा जागीच थिजला. आग लावायची त्याला ठाऊक होती, विझवायची नाही. बलभीमने एकदा आईकडे पाहिलं आणि विहिरीत उडी घेतली.

मग विहीर वर आली असंच म्हाळसाबाईला वाटलं. काठावरून हिरवी मान उठली, उठतच गेली. पंख उघडले तेव्हा मावळतीचा उजेड झाकला गेला. खवल्यांवरून पाणी ओघळत होतं आणि थेंबाथेंबात जाळाचा तांबडा रंग होता. अख्खी कोप एका लोंढ्यात विझली. वाफ हटली तेव्हा त्या अजस्र तोंडावरचे डोळे तिच्या समोर होते. लहानपणी मार चुकवताना तिचं लेकरू असंच बघायचं.

तिने हात पुढे केला आणि त्याच्या नाकाडावर ठेवला.

"बलभीमा," ती म्हणाली, "किती रं मोठा झालास."

तो माणूस होऊन चिखलात गुडघ्यांवर बसला. शंकरप्पाने त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. आयुष्यात पहिल्यांदा बलभीमला बोलायची घाई झाली होती.

"आये, ह्यो बी तसाच हाय. आन् ह्यो माजा हाय. ह्याच्याबिगर मला ऱ्हावत न्हाय."

म्हाळसाबाई भिजून कुडकुडत होती. ती शंकरप्पाच्या खाली घातलेल्या मानेकडे बघत राहिली.

"थंडी लई वाजाय लागली," शेवटी ती म्हणाली. "त्याला म्हण, हितं माज्याजवळ बस."

शंकरप्पा बसला. त्याच्या उबेने तिच्या लुगड्यातून वाफ निघू लागली. मडक्याच्या तळाशी थोडी आंबील उरली होती. ती तिने पुढे सारली आणि आणखी एक फेरी घाला म्हणाली. एकदा फेरी झाली की पुन्हा घालत नाहीत, हे बलभीमने सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

दोघं अंधारल्या ज्वारीत शिरले. ती जळक्या कोपीपाशी बसून राहिली.

"होलगे होलगे," बलभीमची हाक आली.

सवयीने म्हाळसाबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात रानातूनच उत्तर आलं, मोठ्या आवाजात, कानडी हेलात. तिने तोंड मिटलं, पदर तोंडाला लावला आणि ऐकत राहिली.