वर थांबायचं काम

काटेवाडीजवळच्या एका मोठ्या गोठ्यावर गोबरगॅसची नवी टाकी बांधली होती. तिच्यात अजून शेण पडलं नव्हतं, म्हणून सुरक्षा शिकवायला आलेल्या निकिता मॅडमनी टाकीत उतरण्याचं प्रशिक्षण तिथंच ठेवलं. टाकीत उतरणार सुयोग, वर थांबणार त्याचा चुलता दत्तोबा. सुयोगच्या अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचं टोक वर, तीन पायांच्या लोखंडी घोडीवरच्या चाकाला. आत माणूस पडला तर वरच्यानं उतरायचं नाही, चाक फिरवून त्याला ओढायचं. एवढंच शिकायचं होतं. जमलं नाही तर दत्तोबाच्या जागी दुसरा कुणीतरी उभा राहणार होता, आणि पुतण्याच्या दोरावर परका हात दत्तोबाला नको होता.

मॅडमनी खूण केली. ठरल्याप्रमाणे सुयोग तळाशी आडवा झाला.

दत्तोबानं चपला काढल्या आणि तो शिडीनं सरळ खाली उतरला.

गडी हसायला लागले. "आवो तात्या, इहीर न्हाय ती!"

"आता दोघं गेले," मॅडम म्हणाल्या. "शेण भरलेल्या टाकीत विषारी वायू असतो. पहिल्याच श्वासाला माणूस कोसळतो, तात्या."

दत्तोबा वर आला. "पोरगं खाली पडलंय अन् मी हितं चाक फिरवत बसू? हिरीत कुणी पडलं अन् काठावर थांबला, त्याला आमच्यात माणूस म्हणत न्हाईत. गाव थुकंल तोंडावर."

पलीकडे शेण भरणारी कुशाबाई, सुयोगची आई, हात पुशीत पुढं आली. दिरापुढं ती चारचौघांत कधी मोठ्यानं बोलत नसे.

"भावजी, गावाला मी बघते. म्या सांगीन, मीच थांबवलं व्हतं. तुमी बी आत गेल्यावर माझ्या पोराला वर काढायचा कुणी?"

दत्तोबानं मान खाली घातली आणि तो चाकापाशी गेला.

सुयोग पुन्हा पडला. दत्तोबाचा एक पाय शिडीकडे वळला आणि तिथंच अडला. मग त्यानं दोन्ही हातांनी चाक धरलं. ते जड नव्हतं, तरी त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या. दोर गुंडाळत गेला आणि सुयोगचं डोकं वर आलं.

"तात्या, हळू की! उसाची मोळी हाय व्हय मी?"

सगळे हसले. दत्तोबा हसला नाही. त्यानं पोराचा दंड चाचपून पाहिला.

"उतर खाली," तो म्हणाला. "परत पड. माझा पाय अजून ऐकत न्हाय."