चौथ्या फळीतली डावी जागा

मी डॅरिलचा डावा बूट बोलतोय. बर्फावरच्या हॉकीत घालतात तो, तळाला पोलादी पातं असलेला. उजवाही माझ्या शेजारीच असतो, पण जे घडलं ते माझ्या पोटात घडलं, म्हणून सांगायचं माझ्याकडे आलं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कुणाचाच नव्हतो. कॅनडातल्या हॅमिल्टनला हॉकी संघाचं सामान सांभाळणाऱ्या नॉर्मने मला छोट्या भट्टीत गरम केलं, मऊ झाल्यावर डॅरिल हुनचाकच्या पायात चढवलं आणि वीस मिनिटं त्याला खुर्चीतून उठू दिलं नाही. मी त्या पायावरच थंड झालो. त्याची टाच, घोट्याची जुनी गाठ, आत वळलेली करंगळी, सगळं माझ्या अंगात कायमचं उमटलं. तेव्हापासून त्या पायाला काय होतंय हे त्याच्या बायकोआधी मला कळायचं.

डॅरिल एकतीस वर्षांचा, सास्कॅचवान प्रांतातल्या गव्हाच्या एका गावातला. नऊ वर्षांत सहा संघ झाले होते. तो चौथ्या फळीत खेळायचा. म्हणजे वरच्या तीन फळ्यांतले मोठे खेळाडू दमले की यांनी बर्फावर उतरायचं, चाळीस सेकंद छाती फुटेपर्यंत पळायचं, फटके अंगावर घ्यायचे आणि मुकाट्याने बाकावर येऊन बसायचं. त्या उन्हाळ्यात त्याला कुणीच करार दिला नाही. हॅमिल्टनवाले म्हणाले, सप्टेंबरच्या शिबिराला ये, बघू.

चौथ्या फळीत डावीकडची एकच जागा रिकामी होती. तिच्यासाठी आठ जण आले होते. सकाळी ज्याच्या खुंटीवर सरावाचा शर्ट नसेल त्याने समजून जायचं आणि पिशवी भरायची. दुसऱ्या आठवड्याअखेर दोनच शर्ट उरले, एक डॅरिलचा आणि एक एलोई थिबोचा.

एलोई क्वेबेकचा, बावीस वर्षांचा, पायात वारा भरलेला. शिवाय त्याच्याकडे करार होता. इथे जमलं नाही तर त्याला मंक्टनच्या दुय्यम संघात पाठवणार होते. डॅरिलला कुठेच पाठवायचं नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत दोघांच्या बसायच्या जागा शेजारी शेजारी होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडायचं.

"म्हातारबा, आज जरा हळू पळ," एलोई म्हणायचा. "माझी लाज जाते."

"तू पहिल्यांदा बर्फावर पडलास ना, तेव्हा मी पगार घेत होतो," डॅरिल म्हणायचा. "टेप दे इकडे."

स्टिकला गुंडाळायची टेप तो द्यायचा. बर्फावर मात्र दोघे एकमेकांना कडेच्या कुंपणावर असे आपटायचे की मला माझ्या शिवणी मोजाव्याशा वाटायच्या.

डॅरिलची बायको शॅनन फोनवर एकदाच स्पष्ट बोलली होती. फोन बाकावर ठेवून तो माझी नाडी बांधत होता, म्हणून मीही ऐकलं. "मुलीची शाळा सुरू झालीय. तुला तिथे जागा मिळाली तर आम्ही येतो. नाही मिळाली तर तू घरी ये. आणखी एका गावाला आता मी सामान बांधणार नाही, डॅरिल."

"जागा मिळेल," तो म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यातल्या सरावाच्या सामन्यात समोरच्या बचावपटूने लांबून रबराची टणक चकती गोलाकडे हाणली. डॅरिल तिच्या आडवा गेला. चकती माझ्या आतल्या बाजूवर बसली, अंगठ्याच्या मागे, जिथे माझं कवच पातळ आहे. कवचाला काही झालं नाही. आतमध्ये काहीतरी तडकलं. आवाज बाहेर कुणालाच गेला नाही.

तो उठला. एका पायावर घसरत राहिला, दुसऱ्यांदा आडवा गेला, मग बाकावर आला. प्रशिक्षक मॅग्नसन कुणाला शाबासकी देणारे नव्हते. त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "मला हेच पाहिजे," ते म्हणाले. नऊ वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नसावं, कारण पाय थरथरत असतानाही तो हसला.

डॉक्टरकडे गेला असता तर त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं असतं. करार नसलेल्या मोडक्या माणसाला कोण ठेवतं? तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाय माझ्यात शिरेना. तो नॉर्मकडे मला घेऊन आला.

"याचं पोट जरा वाढवून द्या. आतून लागतंय."

नॉर्मने मला हातात फिरवलं. "काल नव्हतं लागत?"

"चामडं आखडलं असेल."

"याला चामडं कुठाय," नॉर्म म्हणाला. डॅरिल वाकून मोजा सारखा करू लागला. नॉर्मने त्याच्या पायाकडे एकदा पाहिलं, मग मला गरम करून आतून ठोकून जागा करून दिली.

त्यानंतरचे नऊ दिवस मी काय सांगू. प्रत्येक वळणावर ते हाड सरकायचं. मी घट्ट राहिलो तर त्याला कळ लागायची, सैल पडलो तर हाड आणखी हलायचं. मला यातलं काही ठरवता येत नव्हतं. तो जितकी नाडी ओढेल तितकाच मी आवळणार.

सराव संपला की सगळे निघून जाईपर्यंत तो मोजे बघत बसायचा आणि मग मला काढायचा. एकदा एलोई विसरलेलं घड्याळ न्यायला परत आला. पाय उघडा होता, निळा-काळा, फुगलेला.

"हे काय आहे?"

"पाय आहे."

"हुनचाक, मस्करी नको. डॉक्टरला दाखव."

"तूच जाऊन सांग की," डॅरिल म्हणाला. "वरच्या मजल्यावर आहेत सगळे. दोन मिनिटांचं काम आहे, जागा तुझी."

एलोई लाल झाला. "तशी नकोय मला."

"मग कशी पाहिजे?"

 एलोईने घड्याळ उचललं, दारापर्यंत गेला, परत आला आणि खोक्यातला बर्फ टॉवेलात बांधून डॅरिलच्या पायाशी ठेवला. कुणाला काही सांगितलं मात्र नाही. मला अजून कळत नाही, तो चांगलं वागला की वाईट.

शेवटच्या सामन्यात मॅग्नसननी दोघांना त्याच जागेवर आलटून पालटून उतरवलं. एलोई घाबरला होता, चकती त्याच्या स्टिकवरून निसटत होती. डॅरिल दोन सत्रं टिकला. तिसऱ्या सत्रात मागे वळताना त्याने सगळा भार माझ्यावर टाकला आणि पाय नुसता विझला. आम्ही कोसळलो. त्याने ज्याला अडवायचं तो शेजारून निघून गेला आणि गोल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचेही शर्ट खुंटीवर होते. दोघे कपडे घालून, बूट चढवून बसले. मग दोघांना एकदमच वर बोलावलं. डॅरिल मला काढत बसला नाही. पात्यावर प्लॅस्टिकची पट्टी चढवली आणि तसाच रबरी फरशीवरून, जिन्यावरून गेला.

मॅग्नसन फार वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या एका संघाने त्या सकाळी एक खेळाडू मोकळा केला होता, अठ्ठावीस वर्षांचा, डावीकडचा. हॅमिल्टनने त्याला उचललं होतं. एलोईने मंक्टनला जायचं. डॅरिलचे आभार.

"तो कधी आला शिबिराला?" एलोईने विचारलं.

"तो आज दुपारी येतोय."

खाली आल्यावर डॅरिल बाकावर बसला, वाकला, आणि त्याचे हात नाडीपर्यंत पोचलेच नाहीत. एलोई त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला. गाठ सुटेना तेव्हा त्याने कात्रीने नाडी कापली आणि दोन्ही हातांनी मला हळूहळू उतरवलं.

"आता तरी डॉक्टरकडे जाशील, म्हातारबा?"

"आता कशाला," डॅरिल म्हणाला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. एलोई तसाच फरशीवर बसून राहिला, मला मांडीवर घेऊन.

दुपारी नवा माणूस आला. विमानतळावरून सरळ, कोट घातलेला, एका हातात पिशवी, डोळे तांबारलेले. डॅरिलच्या जागेखाली आम्ही दोघे अजून पडलेले होतो. त्याने आमच्याकडे पाहिलं.

"इथे कोण बसतं?"

"कोणी नाही," नॉर्म म्हणाला. "बस तू."

त्याने आम्हाला उचलून नीट जोडीने बाजूला ठेवलं. त्याच्यावर मला रागावता आलं नाही. त्यालाही त्या सकाळी कुणीतरी पिशवी भरायला लावली होती.

डॅरिलच्या पायात दोन खिळे घालावे लागले. हिवाळ्यात नॉर्मने त्याला फोन केला, बूट पाठवू का म्हणून. डॅरिल म्हणाला, तो पाय आता त्यात जायचा नाही. पाती चांगली आहेत, कुणाला लागली तर काढून द्या. पाती गेली. आता आम्ही नॉर्मच्या कामाच्या खोलीत वरच्या फळीवर आहोत.

परवा फळी पुसताना त्याने मला खाली घेतलं. आत हात घालून अंगठ्यामागची जागा बराच वेळ चाचपली, त्याने स्वतः ठोकून वाढवलेली.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

नॉर्म, मलाही कळलं होतं. तुम्हाला निदान तोंड होतं. पण हे तुम्हाला ऐकवायची माझी इच्छा नाही, तुमचं वय झालंय. एकच करा. मला आता टाकून द्या. ज्याच्या पायावर मी घडलो तो पाय राहिला नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या पायाला मी बसणार नाही.

त्याने मला पुसलं आणि परत फळीवर ठेवलं.