बिरप्पाची हाळी

आता तुमी म्हनाल, राजाबाई, तुला डोळं न्हाईत का? एवडी मोटी कमान, एवडं मोटं गेट, आन तू मेंढरं घिऊन आत शिरलीस? आवो, मी कुटं शिरले? मेंढरं शिरली. मी त्यांच्या मागनं पळाले, आन पळायचं वय माजं ऱ्हायलंय व्हय?

वळसंगच्या अलीकडं रस्त्याला लागूनच चनमल्लप्पाचं रान हुतं. ज्वारी निघाली की दरसाली आमची मेंढरं तितं बसायची. रातभर मेंढरं बसली की लेंडीखत पडतंय, रान सुधारतंय, आन त्या बदली रानाचा मालक आमाला ज्वारी देतोय, असा ह्यो येव्हार. चनमल्लप्पा कानडीत बोलायचा, बिरप्पा मराठीत, दोगांचं कदी अडलं न्हाय. बिरप्पा म्हंजी माजा नवरा. जित्ता हुता तवा त्येचं नाव कदी तोंडात घेतलं न्हाय. आता घेते, रागवायला कोन हाय?

त्यो गेल्यावर दोन सालं आमी ह्या अंगाला आलोच न्हाय. तेवड्यात चनमल्लप्पानं रान इकलं, बंगलं उबं ऱ्हायलं, आन माजा ल्योक बिभीषण त्याच रानात वॉचमन लागला. गेटाजवळच्या खोलीत त्यो, सून पूनम आन नातू ऱ्हातेत. खोली नोकरीची हाय. आदीच्या वॉचमनच्या टायमाला आत म्हशी आल्या, तर त्येला दुसऱ्या दिशी बिऱ्हाडासकट काडला. म्हनून बिभीषणनं फोनवर मला बजावलं हुतं, "आये, यंदा आलीस तर मागल्या वाटंनं जा. गेटाम्होरनं नको."

"मी कशाला मरायला येतेय तुज्या गेटात," म्हनलं.

मागली वाट नव्या हायवेनं कापलीय. मधी भिंत घातलीय, मानसाला चडता येत न्हाय तितं मेंढरू काय चडनार? दिसभर हिंडून पाय भरून आलं हुतं. आलो तिकडं समदा ऊस, हिकडं समदं प्लॉट, मेंढरू बसवावं कुटं? माजा दीर गुंडा घोड्यावर बिऱ्हाड घालून म्होरं गेला हुता. मी म्हनलं, गेटाम्होरनं तर गेटाम्होरनं, गुमान निघून जावं.

पन म्होरकी मेंढी म्हातारी हाय. चनमल्लप्पाच्या बांधावरचं कडुलिंबाचं झाड त्या लोकांनी तोडलं न्हाय, त्येच्याखाली बाग केलीय, झोके लावलेत. मेंढीनं लिंब बगितला आन गेटातनं सरळ आत. तिच्या मागं समदी. झोक्याखाली, हिरवळीवर, जागा मिळंल तितं बसली, जशी दरसाली बसायची. दिवस कलला हुता, त्यांच्या हिशोबानं मुक्काम आला हुता. खरं सांगू का, मलाबी तितंच बसावं वाटलं.

एक बाई बंगल्यातनं खाली आल्या. "वॉचमन, हे काय चाललंय? यांना आत कुणी सोडलं?"

बिभीषण पळत आला. निळा शर्ट, डोक्याला टोपी. माज्याकडं बगितलं, आन नजर खाली घालून म्हनला, "ए मावशी, मेंढरं भाईर काड."

पोटच्या पोरानं मला मावशी म्हनलं. पन मी बी त्येचीच आई. म्हनलं, "व्हय सायेब, काडते."

काडते म्हनलं, पन उटतंय कोन? काठी आपटली, वरडले, माजा घसा तर बसलेलाच. एक उटवावं तर दुसरं बसतंय. मुक्कामाला बसलेली मेंढरं एकाच हाळीनं उटत्यात, आन ती बिरप्पाची. जीब टाळूला लावून लांब काडायची. मला कदी जमली न्हाय. बारक्या बिभीषणला खांद्यावर घिऊन बापानं शिकवली हुती.

बाईंनी फोन काडला. "थांबा, तुमच्या साहेबांनाच बोलावते."

बिभीषणनं माज्याकडं बगितलं. मी मान हालवली, नको म्हनलं. त्येनं टोपी काडली आन हाळी दिली.

काय सांगू. त्योच आवाज. बिरप्पा लिंबाखालनंच वरडला जनू. समदी मेंढरं एका दमात उटली.

उटली ती त्येच्या मागं लागली. त्यो गेटाभाईर गेला, मेंढरं गेली. त्यो आत वळला, मेंढरं आत वळली. बाई बगतच हुत्या. "तुमचीच आहेत का ही?"

त्येचं तोंड उगडायच्या आदी मी बोलले. "न्हाय बाई. खुळी हायती मेंढरं, कुनाच्याबी मागं जात्यात."

"मग लांबवर सोडून या एकदाची," बाई म्हनल्या आन वर गेल्या.

बिभीषण पार ओढ्यापतुर आला. तितं म्होरकीच्या गळ्यात मी दावं बांधलं. त्यो हळूच म्हनला, "आये, नातवाला तरी बगून जा की."

"आन बाईंनी बगितलं म्हंजी?" म्हनलं. "जा तू. आन बिभीषणा, ती हाळी परत काडू नको. मेंढरं तुला वळखत्यात, कवातरी तुजं घर उटवतील. इसरून जा."

"बापाची हाय ती. आन उद्या सकाळी तू ही मेंढरं कशानं उटवशील?"

"एक एक उटवीन. ह्या रविवारी बाजारात घालते समदी. मग कुनाला उटवायचं ऱ्हातंय?"

त्येनं मग डोळं पुसून टोपी घातली आन गेटाकडं वळला. मेंढरं त्येच्या मागं निघाली. मी म्होरक्या मेंढीचं दावं दोन्ही हातांनी धरून रस्त्यातच बसले, आन त्यो दिसंनासा हुईस्तवर सोडलं न्हाय.